न आलेल्यांची मोजणी

४ जून

प्रति,
माजी आरोग्यसेविका यांस,

विषय : टेकडीवरील दवाखान्यासंबंधीची घरभेटींची वही मिळणेबाबत.

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, अकरा वर्षांपूर्वी बंद करण्यात आलेला टेकडीवरील नगरपालिका दवाखाना पुन्हा सुरू करावा किंवा कसे, याचा विचार आरोग्य समिती करीत आहे. त्या वेळी आपण टेकडीवरील दोनशे बारा घरी जाऊन लोकांचे म्हणणे वहीत लिहून घेतले होते. सदर वहीची प्रत आपल्याकडे असल्यास ती या कार्यालयास पाठवावी, ही विनंती.

ताई, एवढं दुपारी ऑफिसात टाइप केलं. सही करायला पेन उचललं आणि हात थांबला. सख्ख्या बहिणीला ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ लिहिताना मावशीने मला पाहिलं असतं तर शिलाई मशीन थांबवून हसली असती. म्हणून खालचं हाताने लिहितोय.

पत्ता प्रसूतिगृहातल्या तुझ्या मैत्रिणीकडून घेतला. तिला रागावू नकोस. चौथ्या खेपेला दिला तिने.

डिसेंबरात मी निवृत्त होतोय. टेकडीवरच्या लोकांनी पुन्हा अर्ज केलाय आणि नव्या मुख्याधिकारी बाईंनी माझा जुना अहवाल मागवून घेतला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. असं वाचणारं माणूस माझ्या नोकरीत मी पहिल्यांदा पाहिलं. मग म्हणाल्या, “रोज किती माणसं येत होती ते तुमच्या तक्त्यावरून कळतं. जी येत नव्हती ती का येत नव्हती, हे त्या वेळी कुणी विचारलं होतं का?”

“शोधून सांगतो,” म्हणालो आणि बाहेर आलो.

तर प्रत असली तर पाठव. तब्येत सांभाळ.

तुझा
धाकटा


१९ जून

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. “वही मी तुझ्या हातात दिली होती. प्रती काढायची सवय तुला, मला नव्हती.”

कबूल. वही माझ्याकडेच आहे. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, निळ्या कागदात गुंडाळलेली, तू दिलीस तशी. अकरा वर्षांत तीन घरं बदलली आणि प्रत्येक वेळी ती मी स्वतः हातात धरून नेली. उघडली मात्र नाही. तुला पत्र लिहायला काहीतरी निमित्त हवं होतं, आणि ऑफिसच्या कामाशिवाय दुसरं निमित्त मला आयुष्यात कधी सुचलेलं नाही.

कार्डावरचं तुझं अक्षर पाहिलं आणि मावशीची खिडकी आठवली. ती मशीनवर, आपण दोघं खिडकीच्या कट्ट्यावर, पाय आतल्या बाजूला सोडून. मान वळवली की टेकडीच्या पायऱ्या. मी वर येणारी माणसं मोजायचो. तू प्रत्येक माणसाची गोष्ट सांगायचीस. हा रिकाम्या हाताने आला म्हणजे काम मिळालं नाही. ही मधेच थांबली म्हणजे गुडघे दुखतात. “सत्तेचाळीस!” मी ओरडायचो, आणि तू म्हणायचीस, “त्यातली वीस दमलेली.” मावशी तोंडात टाचण्या धरून हसायची. मला ती ‘मोजणीदार’ म्हणायची आणि तुला ‘चौकशी खातं’. शेजारीण विचारायची, पोरं कुणावर गेलीत गं? मावशी म्हणायची, “एक फूटपट्टीवर गेलंय आणि एक कात्रीवर.” आई गेल्यानंतर त्या खोलीत आपण तेरा वर्षं राहिलो. आता विचार करतो, तर माझ्या आयुष्यातली सगळ्यात हसरी वर्षं तीच.

पुढे दोघंही नगरपालिकेत लागलो आणि तोच खेळ पगार घेऊन खेळलो.

दवाखाना ठेवायचा की बंद करायचा, हे तपासायचं काम आपल्याला मिळालं तेव्हा तू किती खूश होतीस! तू म्हणालीस, “तू दारात बस, मी दारोदार जाते. दोन्ही एकत्र बांधू.” मी सहा आठवडे दारात स्टूल टाकून बसलो. रोज सरासरी एकोणीस माणसं. तू तीन महिने टेकडी पालथी घातलीस. संध्याकाळी आपण दवाखान्यामागच्या ओट्यावर बसून चहा प्यायचो आणि तू वाचून दाखवायचीस. मी ऐकल्यासारखं करायचो. खरं सांगायचं तर मनातल्या मनात माझ्या बेरजा तपासत असायचो.

मग वहीचं काय झालं ते तुला माहीत आहे. पण माझ्या तोंडून तू कधी ऐकलेलं नाहीस, म्हणून लिहितो. तेव्हाचे मोठे साहेब म्हणाले, “हे किस्से समितीपुढे नेलेत तर लोक हसतील. आकडे द्या.” मी तुझ्या वहीचं परिशिष्ट अहवालातून काढून टाकलं. तुला सांगितलं की सगळं जोडलंय. सभेच्या दिवशी तू पाहुण्यांच्या बाकावरून उठून समितीतल्या, बाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळवाल्यांना विचारलंस, “साहेब, चौदावं पान पाहिलंत का?” ते म्हणाले, “बाई, अहवालच नऊ पानांचा आहे.” तू माझ्याकडे पाहिलंस. मी कागद सारखे करत बसलो.

साहेबांनी सांगितलं म्हणून केलं, असं मी अकरा वर्षं स्वतःला सांगतोय. ते अर्धंच खरं आहे. साहेब फक्त बोलले होते, हुकूम दिला नव्हता. माझा तक्ता इतका सुबक झाला होता, ताई. तुझी पानं शेजारी ठेवली की तो पोकळ दिसायचा. मला ते सहन झालं नाही.

आणखी एक, जे तुलाही माहीत नाही. त्या सहा आठवड्यांतले दोन आठवडे डॉक्टर रजेवर होते. दारावर तशी पाटी होती. ते दिवसही मी सरासरीत धरले आणि तळटीप टाकली नाही.

उद्या वही उघडतो.

धाकटा


७ जुलै

ताई,

उद्या म्हणालो होतो, अठरा दिवस लागले.

रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी थोडी थोडी वाचली. तुझी भाषा कुठेच नाही त्यात. लोक बोलले तसंच. “डॉक्टर नाडी बघतात ते बरं, पण आधी माझं ऐकून घेतात ते जास्त बरं.” “खाली हॉस्पिटलात जायचं म्हणजे कुणाची तरी सोबत लागते, आणि सोबतीला त्या दिवशीचा रोजगार सोडावा लागतो.” हे मला सहा आठवडे दारात बसून कळलं नव्हतं. माझ्यासमोरून ती माणसं गेली, मी प्रत्येकासाठी एक रेघ ओढली.

मग मी मला जमतं ते केलं. खालच्या मोठ्या हॉस्पिटलची नोंदवही मागवली आणि टेकडीचे पत्ते काढून तुझ्या वहीशी ताडून पाहिले. आता जे लिहितो त्याचा राग येईल तुला, पण लपवायचं नाही असं ठरवलंय. तुझं सगळंच खरं ठरलेलं नाही. अठ्ठेचाळीस बाळंतिणी आणि लेकुरवाळ्या तुला म्हणाल्या होत्या, “आम्ही खाली कधीच जाणार नाही.” त्यातल्या बहुतेक गेल्या. खाली लहान मुलांचे वेगळे डॉक्टर आहेत, लस वेळेवर मिळते. त्या आता टेकडीवर परत यायच्या नाहीत.

पण रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या घेणारी सदतीस म्हातारी माणसं तुझ्या वहीत आहेत. त्यातली खालच्या नोंदवहीत पहिल्या वर्षी सापडली फक्त सहा.

सदतिसातलं एक घर त्रेसष्ट नंबरचं.

तू ते पान लिहिलंस तेव्हा तुझा हात कसा चालला असेल? मावशीचं नाव नाही, नातं नाही. इतर घरांसारखंच. “वय त्र्याहत्तर. एकटी. शिवणकाम.” आणि खाली तिचं म्हणणं : “मला काय धाड भरलीय? आमचा मोजणीदार म्हणतो खालचं हॉस्पिटल चांगलं आहे, म्हणजे असणारच. जाईन मी टुकूटुकू. माझी अडचण म्हणून काही लिहू नकोस हं, त्याच्या कामात खोडा नको.”

सगळं, शेवटच्या वाक्यासकट. ताई, तुझी बाजू लंगडी करणारं पान होतं ते. तू गाळलं असतंस तर कुणाला कळलंही नसतं. तू लिहिलंस. आणि मी तुझी अख्खी वही गाळली.

ती खाली गेलीच नाही. मी दर रविवारी फोन करायचो. “गोळ्या आणल्यास?” “आणल्या रे बाबा.” “बरी आहेस?” “बरी नसायला काय झालं?” माझं समाधान व्हायचं. दवाखाना बंद झाल्यानंतरच्या आठ महिन्यांत पायऱ्या चढून मी दोनदा गेलो. आठव्या महिन्यात शेजारणीला ती मशीनवर डोकं टेकलेली सापडली.

इथपर्यंत लिहून पेन खाली ठेवलं होतं. पुन्हा उचलतो, कारण आपण बोलणं टाकलं ते वहीमुळे नाही, हे दोघांनाही माहीत आहे. त्या दिवशी तू गाडीतून उतरून आलीस, चपलाही काढल्या नव्हत्यास आणि मी दारातच म्हणालो, “नोकरी सोडून निघून गेलीस, म्हणून ती एकटी पडली.” चार माणसांसमोर. तू आत गेलीस, तिच्यापाशी बसलीस आणि कुणाशी एक शब्द न बोलता संध्याकाळच्या गाडीने परत गेलीस.

मी तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी दोषी ठरवायला धडपडत होतो, आणि जवळ तूच होतीस. ते खोटं होतं. तू गेलीस ती माझ्यामुळे. माफ कर असं लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. माफ कर.

आता कामाचं. वही समितीपुढे ठेवायची आहे. पण लोक तुझ्यावर विश्वास ठेवून बोलले होते, नगरपालिकेवर नव्हे. तुझ्या परवानगीशिवाय एक पानही देणार नाही.

धाकटा


१५ जुलै

धाकट्यास,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

बाळंतिणींबद्दल वाचून राग आला. मग हसू आलं. त्या मला म्हणत होत्या “कधीच जाणार नाही” आणि मला ते ऐकायचंच होतं, म्हणून मी पुढे विचारलं नाही. चौकशी खात्याचीही एवढी चूक धर.

मावशीचं पान लिहिताना मला माहीत होतं ती खोटं बोलतेय. तिचे गुडघे मी रोज पाहत होते. तरी जसंच्या तसं लिहिलं आणि स्वतःला सांगितलं की आपलं काम लिहून घेण्याचं. वहीच्या समासात “मला हे पटत नाही” एवढं लिहायला काय हरकत होती? ते मी केलं नाही. तू दारात जे बोललास ते मला इतकं लागलं, कारण मीही तेच स्वतःला म्हणत होते. तेव्हा माफीचं राहू दे सध्या. तो हिशेब एकट्या तुझा नाही.

वही दे. पण तीन गोष्टी. घरनंबर झाकायचे. जी माणसं हयात आहेत त्यांना पुन्हा जाऊन विचारायचं की तुमचं म्हणणं वापरू का, आणि आता काय म्हणणं आहे. आणि हे तू स्वतः करायचं. शिपाई पाठवायचा नाही.

प्रश्न विचारलास की गप्प बस. पहिलं उत्तर लोक समोरच्याला बरं वाटावं म्हणून देतात. दुसऱ्याची वाट बघ.

ताई


३० ऑगस्ट

ताई,

पायऱ्या दोनशे चौदा आहेत. हे मला लहानपणापासून पाठ होतं, पण अठ्ठावन्नाव्या वर्षी रोज चढून पाहिलं तेव्हा समजलं.

पहिल्या घरी माझी फजिती झाली. मी छापील कागद काढला आणि वाचलं, “आपणांस चढउतार करण्यात अडचण येते का? होय, नाही, सांगता येत नाही.” आजीबाई म्हणाल्या, “परीक्षा घ्यायला आलायस का? मला पास व्हायचं नाहीये.” आणि आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी कागद घरी ठेवून गेलो. त्याच म्हणाल्या, “अरे, तू शिवणवाल्या बाईंचा ना? मग तसं सांगायचं!” पाऊण तास बोलत होत्या.

गप्प बसणं फार अवघड आहे गं. मी मनात आकडे म्हणायचो म्हणजे तोंड उघडणार नाही. साधारण पंधरापर्यंत गेलं की माणूस दुसरं उत्तर देतं. “घेतो की गोळ्या रोज,” एक निवृत्त पोस्टमन म्हणाले. मी गप्प. बारा, तेरा, चौदा. मग ते म्हणाले, “म्हणजे असतात तेव्हा घेतो.” मग पाकीट दाखवलं. त्यावरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती.

एका घरी सूनबाईंनी मला उंबऱ्यातच थांबवलं. “तेव्हाही लिहून नेलं होतं. काय झालं?” मी सांगितलं, “ते मी समितीपर्यंत पोचू दिलं नाही.” त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं, की मला वाटलं आता दार लागणार. त्या म्हणाल्या, “या आत. पण या वेळी मी सही करणार आणि एक कागद माझ्याजवळ ठेवणार.” त्या दिवसापासून प्रत्येक घरी प्रत ठेवतोय, आधीच्या घरांतही जाऊन देऊन आलो.

तुझ्या दोनशे बारा घरांपैकी एकशे एकोणतीस घरांत ओळखीची माणसं सापडली. नऊ जण नको म्हणाले, त्यांची पानं बाजूला ठेवली. सदतीस म्हाताऱ्यांपैकी आठ हयात आहेत. नव्याने म्हातारे झालेले बेचाळीस. परवा मुख्याधिकारी बाईही आल्या होत्या. एका आजोबांबरोबर घरापासून खालच्या हॉस्पिटलपर्यंत चालत गेल्या. एक तास दहा मिनिटं, चार वेळा बसून. परत येताना आजोबांनीच त्यांना धीर दिला.

मावशीच्या खोलीत आता एक चित्रकार राहतो. खिडकी तशीच आहे. त्याने बसायचा आग्रह केला, पण मी उभ्यानेच पाणी प्यायलो आणि निघालो.

धाकटा


२१ सप्टेंबर

ताई,

काल समितीची सभा झाली. अहवाल या वेळी एक्कावन्न पानांचा.

घड्याळवाले अजून समितीत आहेत, आता अध्यक्ष म्हणून. डोळ्याला लावायचं ते भिंग खिशातच होतं. त्यांनी मला पहिलाच प्रश्न केला, “मागच्या वेळी तुम्हीच म्हणाला होतात, एकोणीस माणसांसाठी दवाखाना चालवणं योग्य नाही. तेव्हा खरं बोललात की आता बोलताय?”

मी उभा राहिलो. सांगितलं की एकोणीस हा आकडा अर्धवट होता, डॉक्टर रजेवर होते ते मी लपवलं. आरोग्यसेविकेची दोनशे बारा घरांची वही अहवालाला जोडायची होती, ती मी काढून घेतली. कुणाच्या हुकमावरून नाही. इतिवृत्तात नोंद व्हावी.

एक सभासद म्हणाले, “मग या माणसाच्या आजच्या कागदांवर विश्वास का ठेवायचा?”

प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, “माझ्यावर ठेवू नका. प्रत्येक घरात सहीची प्रत आहे, कुठल्याही घरी जाऊन बघा. हॉस्पिटलची नोंदवही बघा. वही बघा. जिथे तिन्ही एकच सांगतात तेवढंच धरा.”

तीन सभासदांनी सभा तहकूब करून खरंच चार घरं पाहिली. दोन तासांनी घामाघूम होऊन परतले.

जुना दवाखाना होता तसा उघडणार नाही. लहान मुलांचं सगळं खालीच राहील. वर आठवड्यातून तीन सकाळी परिचारिका, एक दिवस डॉक्टर, आणि नेहमीच्या गोळ्या तिथेच मिळणार. सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं आणि पुन्हा विचारायचं, दोन्ही. ठराव पाच विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. घड्याळवाल्यांचं मत बाजूने.

मला लेखी खुलासा द्यायला सांगितलंय. निरोपसमारंभ बहुधा होणार नाही. वाईट वाटतं. छत्तीस वर्षं झाली. पण बाहेर पडताना घड्याळवाले म्हणाले, “तुमच्या ताईंना सांगा, चौदावं पान वाचलं.” ते ऐकून मी जिन्यात थोडा वेळ बसून राहिलो.

धाकटा


५ नोव्हेंबर

ताई,

काल सकाळी दवाखाना उघडला. हार नाही, भाषण नाही. परिचारिकेने कुलूप काढलं, बाकं पुसली आणि रक्तदाबाचं यंत्र टेबलावर मांडलं. मी रजा टाकून गेलो होतो. दारात स्टूल घेऊन बसलो नाही. आत, लोकांच्या बाकावर बसलो.

अकरा माणसं आली. परिचारिका जरा हिरमुसली. “फक्त अकरा?” मी म्हटलं, थांबा थोडं, उतावीळ होऊ नका.

माझ्या शेजारी एक सुतार बसले होते. ऐंशीच्या पुढचे, बोटं रंधा धरल्यासारखीच वाकलेली. त्यांचा रक्तदाब इतका वर निघाला की परिचारिकेने दोनदा मोजला. गोळी दिली, अर्धा तास बसायला सांगितलं. आम्ही गप्पा मारत होतो. मी सहज विचारलं, “दादा, हे उघडलं नसतं तर तुम्ही आज काय केलं असतं?”

ते म्हणाले, “काही नाही. घरी बसलो असतो.”

मी गप्प बसलो. या वेळी आकडेही म्हणावे लागले नाहीत.

मग ते म्हणाले, “कुणी विचारलं असतं, तर बरा आहे म्हणालो असतो.”

घरी आलो तर तुझं कार्ड आलेलं. “ठराव समजला. आनंद झाला. तुझ्या खुलाशाचं काय ते कळव. माझी काळजी नको, मी बरी आहे.”

ते मी चार वेळा वाचलं. शनिवारच्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय. दुपारी दोनपर्यंत तुझ्या दाराशी येतो.

धाकटा